बाहेर उभ्या सायकली

१

तुम्ही कधी न पाहिलेल्या गावाचे रस्ते पाठ केले आहेत का? मी केले आहेत. भिलाईत, मरोद्याच्या आमच्या क्वार्टरमधल्या स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्याला मोबाइल टेकवून मी रिगा शहर पाठ केलं.

रिगा ही लॅटव्हिया नावाच्या लहानशा देशाची राजधानी. युरोपात, पार वरच्या अंगाला, थंडीत. माझी मुलगी उन्नती तिथे शिकायला गेली आहे. दिवसा कॉलेज, आणि संध्याकाळी ती सायकलवरून लोकांना जेवण पोचवते. पाठीवर पेटीसारखी चौकोनी बॅग असते. शेजारच्या ठकूबाईंना हे कळलं तेव्हा त्या म्हणाल्या, "डबेच पोचवाचे होते तं इथं काय कमी लोक उपाशी होते, चंदा?" मी हसले. घरात आल्यावर थोडं रडलेही.

पण त्या डब्यांमुळेच मला ते शहर मिळालं. उन्नतीकडे दोन फोन आहेत. नव्या फोनवर ऑर्डर येतात, तो तिच्या खिशात. जुना फोन सायकलच्या हँडलला बांधलेला, आणि त्यावर मी. आपल्याकडे रात्रीचे आठ वाजतात तेव्हा तिथे संध्याकाळचे साडेपाच असतात. मी भाजी फोडणीला टाकते, फोन लावते आणि तिच्याबरोबर निघते. तिच्या कानात बटणाएवढा इअरफोन असतो. त्यातूनच ती माझं ऐकते आणि त्यातूनच तिच्याकडचा आवाज मला येतो. म्हणजे मला दिसतं ते सायकलच्या पुढ्यातलं, आणि ऐकू येतं ते उन्नतीच्या कानाशी असलेलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

तिथली नावं माझ्या जिभेवर बसत नाहीत, म्हणून मी माझी ठेवली. ज्या इमारतीच्या टोकांवर पाठ वाकवलेली दोन काळी मांजरं उभी आहेत, ते मांजरघर. त्याच्या समोरचा, हॉटेलांच्या टेबलांनी भरलेला, तो गाण्याचा चौक. तिथे रोज कोणीतरी गिटार घेऊन उभं असतं. उंच मनोऱ्यावर सोनेरी कोंबडा आहे ते कोंबड्याचं चर्च. त्याच्या मागे गाढवावर कुत्रा, कुत्र्यावर मांजर आणि मांजरावर कोंबडा असा पुतळा आहे. येणारे-जाणारे गाढवाचं नाक चोळतात, म्हणून ते घासलेल्या तांब्यासारखं चमकतं. एकमेकांना चिकटून उभी असलेली तीन जुनी घरं, ते तीन भाऊ. आणि जुन्या गावाच्या बाहेर, उंच खांबावर, दोन्ही हात वर करून तीन चांदण्या धरलेली बाई. तिच्यापाशी आलो की उन्नती सायकल हळू करते. तिला माहीत आहे, मला ती बाई फार आवडते.

जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर मी पेन्सिलीने या सगळ्याचा नकाशा काढला. एकदा तिथे नेट गेलं आणि उन्नती गल्ल्यांमध्ये अडकली, तेव्हा डावीकडे, मग चर्चच्या मागून, असं सांगत मीच तिला बाहेर काढलं.

"आई, तू तं मॅपपेक्षा भारी निघाली यार," ती म्हणाली.

मी बारावी शिकलेली बाई. नागपूरच्या पलीकडे कधी गेले नाही. त्या दिवशी पोळ्या लाटताना मी एकटीच हसत होते.

२

आमच्या घरात दाराजवळ एक खिळा आहे. त्याला पितळेचं गोल टोकन टांगलेलं असतं. नंबर २११७.

माझे वडील चंपत भंडाऱ्याहून इथल्या स्टील प्लांटमध्ये आले आणि जन्मभर गेटजवळच्या टाइम ऑफिसात बसले. तेव्हा आजच्यासारखी कार्डं नव्हती. प्रत्येक नंबरची दोन टोकनं असत. एक माणूस आत घेऊन जाई, दुसरं बोर्डावर राही. शिफ्ट सुटली की त्याचं टोकन परत येऊन जोडीला लागे. बोर्डावर एखादं टोकन एकटं दिसलं, तर त्याचा अर्थ कोणीतरी अजून आत आहे. तो सापडेपर्यंत बाबा जागेवरून उठत नसत. आई ताट झाकून ठेवायची.

आत कुठे गॅसचा संशय असला, तर बाबांचा नियम ठरलेला. शोधायला एकट्याने आत धावायचं नाही, नाहीतर बोर्डावर एकाच्या जागी दोन टोकनं एकटी राहतात. बाहेर उभं राहून बोलवायचं. आणि फक्त आवाजावर विश्वास ठेवायचा नाही. "आवाज कोणाचाबी काढता येते," ते म्हणायचे. "टोकन दाखव म्हणावं."

निवृत्तीच्या दिवशी सोबत्यांनी त्यांना त्यांच्याच नंबरची जोडी दिली. तेव्हापासून घरातला जो दूर जाईल, त्याच्याकडे एक आणि खिळ्याला एक. परत आल्यावर बाबा दाराच्या ग्रिलवर टोकन तीनदा वाजवत. आतल्याने खिळ्यावरचं काढून तीनदा उत्तर द्यायचं, मगच कडी काढायची. उन्नती लहानपणी बाबांशी हा खेळ तासन्‌तास खेळायची. संडासातून बाहेर आली तरी टोकन वाजवायची.

बाबा गेले. रिगाला जाताना उन्नतीने जोडीतलं एक आपल्या किल्ल्यांना अडकवलं.

३

सप्टेंबरात, एका सोमवारी, तिला सर्दी-ताप होता. तरी ती निघाली. तीन भावांच्या मागच्या गल्लीतून जाताना मला एक छोटं कॅफे दिसलं. पूर्वी ते माझ्या नजरेतून कसं सुटलं, याचं मला नवल वाटलं.

हिरवं दार. दाराच्या काचेला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी चीर, आणि तिच्यावर पांढरी चिकटपट्टी. वर पिवळा दिवा. बाहेर एकच गोल टेबल, त्यावर एक कप, कपातून वाफ. खुर्ची जराशी रस्त्याकडे ओढलेली होती, आपण पाहुण्यासाठी ओढून ठेवतो तशी. भिंतीला तीन सायकली टेकलेल्या होत्या. तिन्हींच्या मागे चौकोनी बॅगा. उन्नतीसारखीच मुलं आत बसली असतील, असं मला वाटलं.

आमच्याकडे कोणी बस म्हटलं तर न बसता जात नाहीत. सिलिंडरवाल्यालाही पाणी दिल्याशिवाय आईने कधी सोडलं नाही. ती ओढलेली खुर्ची पाहून मला आधी तेच आठवलं, आणि पोरीचा श्वास तर कानाला लागत होता.

"थकली असशील," मी म्हणाले. "बसून घे दोन मिनिटं."

"ऑर्डर ठंडी हो जाएगी, आई," ती म्हणाली, आणि पुढे गेली.

पडद्यातून ते कॅफे सरकून गेलं. मी नकाशावर तीन भावांच्या मागे एक छोटा गोल काढला.

४

गुरुवारी ते कॅफे कोंबड्याच्या चर्चमागे होतं. गाढवाच्या पुतळ्यापासून वीस पावलांवर.

हिरवं दार, पिवळा दिवा, वाफाळता कप, ओढलेली खुर्ची. मी नकाशा पाहिला. मग पडदा पाहिला. माझाच गोल चुकला असेल असं मनाशी म्हणून मी दुसरा काढला.

रात्री माझे मिस्टर प्रेमानंद जेवायला बसले तेव्हा त्यांना सांगितलं. ते प्लांटच्या रेल मिलमध्ये, रूळ बनतात तिथे आहेत. हसायचं झालं तर मान खाली घालून हसतात. म्हणाले, "एकाच मालकाची दोन दुकानं असतीन. तू मरोद्यात नवी आली तवा काय केलं होतं, आठवते?"

आठवतं. लग्नानंतर पहिल्या महिन्यात मी भाजीची पिशवी घेऊन दोनदा दुसऱ्यांच्या क्वार्टरमध्ये शिरले होते. दुसऱ्यांदा तर त्यांच्या ओट्यावर भाजी ठेवून पाणीही प्यायले. काय करणार, सगळे क्वार्टर सारखे, सगळ्यांचा रंग सारखा. त्या घरच्या बाईने मला चहा करून पाजला आणि हात धरून आणून सोडलं.

मीही हसले. पण भांडी घासताना माझा हात थांबला. क्वार्टर सारखे असतात, हे खरं. भेगा सारख्या नसतात. पुढे मी माझं घर ओळखायला शिकले ते पायरीच्या भेगेवरूनच.

आणि त्या दोन्ही दारांच्या काचेला तीच तिरपी चीर होती. तीच पांढरी पट्टी, खालच्या टोकाला सुटून वळलेली.

५

मी उन्नतीला काही सांगितलं नाही. परक्या गावात एकट्या राहणाऱ्या पोरीच्या डोक्यात काय भरायचं? तिने फक्त रोजचं सांगावं आणि मी ऐकावं.

शनिवारी तिथे गर्दी असते. गाण्याच्या चौकात दिव्यांच्या माळा लागतात, चार-चार हॉटेलांतून चार-चार गाणी एकदम येतात, माणसं रस्त्यात नाचतात. उन्नती सायकल हाताने ढकलत होती. एका म्हाताऱ्या जोडप्याने नाचता नाचता फोनकडे पाहून मला हात केला. मी लाटणं हलवलं. खूप मजा वाटली.

आणि मग मांजरघराच्या शेजारी, एवढ्या उजेडात, ते दार.

त्याच्यासमोर मात्र कोणी नाचत नव्हतं. लोक तिथे येऊन वळत होते, पाण्यात दगड असला की पाणी वळतं तसे, तिकडे न पाहता. खुर्ची आता पुरती रस्त्याकडे तोंड करून होती.

मी सायकली पाहिल्या. त्याच तीन. एकीच्या सीटला निळी प्लास्टिकची पिशवी गुंडाळलेली, ती मी दोन्ही वेळा पाहिली होती. तिच्या मागच्या बॅगेवर पिवळी पानं साचली होती, ओली, एकावर एक. इतकी पानं दोन तासांत साचत नाहीत. आणि आता शेजारी चौथी सायकल होती. तिचा मागचा लाल दिवा अजून लुकलुकत होता.

मी स्वतःला समजावलं. एका कॅफेत चार पोरं रोज बसत असतील. आपापल्या सायकली आणत असतील. पण मी टाइम ऑफिसवाल्याची मुलगी. आत किती गेले आणि बाहेर किती आले, एवढंच मला लहानपणापासून मोजता येतं. या तीन संध्याकाळींत त्या दारातून बाहेर येताना मी एकालाही पाहिलं नव्हतं.

"उन्नती," मी म्हणाले, "त्या हिरव्या दाराच्या हॉटेलात जाऊ नको."

"कोणतं हिरवं?" ती म्हणाली. गर्दीत तिला नीट ऐकू आलं नसावं. "कावून? काय झालं?"

मी म्हटलं, तिथं स्वच्छता दिसत नाही. ती हसली.

मंगळवारी ते तीन चांदण्यावाल्या बाईच्या वाटेवर, कालव्याच्या पुलापाशी होतं. नकाशावर आता चार गोल झाले. पाच सायकली. त्या पुलाच्या पुढच्या वळणावर उन्नती राहते.

६

शुक्रवारी आमच्याकडे साडेनऊ झाले होते, तिथे सात. नुकता दिवस मावळला होता. प्रेमानंद जेवत होते. मी त्यांना वाढत होते आणि एक डोळा फोनवर होता.

"आई, ही लास्ट," उन्नती म्हणाली. "एक पिकअप आहे, मग घरी."

चाकांखालचे दगड खडखडत होते, पडदा हलत होता. मग सायकल थांबली. पडदा स्थिर झाला, आणि समोर, त्याच पुलापाशी, हिरवं दार होतं. चिरेवरची पट्टी इतकी जवळ होती की वळलेल्या टोकाला चिकटलेली धूळ दिसावी.

मी वाढण्याचा चमचा हातात तसाच धरून म्हणाले, "इथून नको. ऑर्डर सोडून दे."

"बस एक मिनट." ती सायकलवरून उतरली. भिंतीला टेकलेल्या पाच सायकलींशेजारी तिने आपली टेकवली. हँडल दाराकडे वळलेलं होतं, त्यामुळे फोन दाराकडे पाहत राहिला. तिची पाठ दिसली, बॅग दिसली. दार उघडलं, घंटी वाजली नाही. दार लागलं.

सहा सायकली.

७

मला दिसत होतं बाहेरचं. रस्ता, दिवा, कप, वाफ. खुर्ची रिकामी.

ऐकू येत होतं आतलं.

आत कोणी बोलत नव्हतं. फक्त चमचे होते. पुष्कळ कपांत पुष्कळ चमचे फिरत होते, पण सगळे एकदम, एका तालात. टिंग, आणि थोडा वेळ. टिंग, आणि थोडा वेळ. पोरं एका ठिकाणी बसली की आवाज करतात, हसतात, कोणाचा तरी फोन वाजतो. इथे तसं काही नव्हतं.

मी म्हटलं, नेटमुळे आवाज तुटत असेल, म्हणून ताल वाटतो. माझ्या मनाला ते पटलं नाही.

मग उन्नतीचा आवाज आला, हळू. ती इंग्रजीत ऑर्डरचा नंबर सांगत होती. उत्तर आलं नाही. फरशीवरून खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

आणि मग कोणीतरी बोललं.

"थकली असशील. बसून घे दोन मिनिटं."

प्रेमानंदांचा घास हातातच राहिला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझे ओठ मिटलेले होते. आवाज मात्र माझा होता. त्या पहिल्या सोमवारी तापातल्या पोरीला म्हणताना माझ्या घशात जो ओलावा आला होता, तोही त्यात होता.

"उन्नती, बाहेर ये," मी म्हणाले. "मी बोलून राहिली. आताच्या आता बाहेर ये."

"अरे आई," ती म्हणाली, झोपेत बोलल्यासारखी, "तूच तं बस म्हणून राहिली."

"मी नाही ती."

"बसून घे दोन मिनिटं," माझा आवाज म्हणाला.

मी तिला पुन्हा हाक मारली. तिकडूनही हाक आली, माझीच, माझ्यापेक्षा मायेची. चमचे फिरत राहिले. माझ्या पोरीने कोणती आई खरी मानायची? मी जितकं बोलेन, तितके माझे शब्द तिकडे साठत होते. बॅग खांद्यावरून उतरल्याचा, पट्ट्याचा आवाज आला.

मी बोलणं थांबवलं.

८

बाहेर उभं राहून बोलवायचं. फक्त आवाजावर विश्वास ठेवायचा नाही.

मी खिळ्यावरचं टोकन काढलं. फोन ओट्यावर आडवा केला, शेजारी लोखंडी तवा उलटा घातला, आणि टोकन त्याच्यावर तीनदा मारलं. ठण. ठण. ठण.

चमच्यांचा ताल चुकला.

मी पुन्हा तीनदा मारलं. तिकडून माझा आवाज म्हणाला, "चहा थंड होऊन राहिला." मी उत्तर दिलं नाही. तीनदा मारलं. मला खात्री नव्हती. ती बसली असेल, किल्ल्या बॅगेत असतील, तिला काही आठवणारच नाही, असं वाटत होतं. तरी मी मारत राहिले. बाबा असेच मारत, गेटच्या लोखंडी पाइपवर, रात्र झाली तरी.

मग तिकडून आलं. बारीक, घाबरत. टिण. टिण. टिण.

तो चमचा नव्हता. ते पितळ मी जन्मभर ऐकलंय.

"आई?" उन्नती म्हणाली. या वेळी तिचा आवाज जागा होता. "आई, ही कोण बसली आहे माझ्यासमोर?"

मी बोलले नाही. तीनदा वाजवलं. खुर्ची पडल्याचा आवाज आला, पावलं आली, हिरवं दार उघडलं आणि माझी पोरगी एकाच खांद्यावर बॅग लटकवून रस्त्यावर आली. तिने हँडल धरलं. तिचा हात मला दिसत होता, पाचही बोटं.

"चल, निघ," प्रेमानंद फोनकडे वाकून म्हणाले. "सायकल काढ आन निघ, बेटा."

ती निघणार होती. मीच म्हणाले, "थांब."

कारण भिंतीला पाच सायकली तशाच होत्या. निळ्या पिशवीची, पानं साचलेली, लाल दिव्याची. त्या पोरांच्याही आया कुठेतरी फोन लावत असतील, आणि त्यांच्याकडे खिळा नसेल. बोर्डावर टोकन एकटं लटकत असताना बाबा कधी घरी आले नव्हते.

"तू आत जायचं नाही," मी तिला सांगितलं. "बाहेर उभी राहा आन वाजव. मी इथून वाजवते."

तिने कानातलं काढून फोनचा आवाज पूर्ण वाढवला आणि तिचं टोकन हँडलवर मारलं. मी तव्यावर. तिकडे तीन, इकडे तीन. माझा हात दुखायला लागला तेव्हा प्रेमानंदांनी टोकन माझ्या हातातून घेतलं आणि उष्ट्या हातानेच मारायला लागले. रेल मिलमधला हात तो. तवा ओट्यावर नाचत होता. भिंतीपलीकडून ठकूबाई ओरडल्या, "काय फोडून राहिले बाप्पा इतक्या रात्री?" मिस्टरांनी ओरडून सांगितलं, "लोकं बाहेर काढून राहिलो."

दार उघडलं. एक मुलगा आला, काळासावळा, डोळे चोळत. त्याने निळ्या पिशवीची सायकल अशी पाहिली, जशी ती कोणी दुसऱ्याची असावी. मग ती धरली. त्याच्यामागे एक मुलगी, सोनेरी केसांची, रडत. मग दोघे एकदम. मी मोजत होते. एक, दोन, चार. उन्नती वाजवत होती आणि प्रत्येकाला तिच्या भाषेत, त्यांच्या भाषेत, हिंदीत, जे येईल त्यात सांगत होती, चला, चला. पाचवी जरा उशिरा आली. तिच्या सायकलचा लाल दिवा अजून लुकलुकत होता.

पाच सायकली, पाच माणसं, आणि माझी एक. जोडी लागली.

तरी दार लागलं नाही. अजून एक माणूस आला. म्हातारा. लांब कोट, हातात टोपी, कोटाची कापणी जुन्या फोटोंत असते तशी. त्याची सायकल नव्हती. रस्त्यावरच्या दिव्याकडे त्याने डोळ्यांवर हात धरून बराच वेळ पाहिलं. मग तो आमच्या फोनसमोर थांबला, टोपी छातीशी धरून वाकला, आणि नदीच्या बाजूला चालत गेला. तो किती वर्षांपासून आत बसला होता, कोण जाणे. मी मोजलेल्यांत तो नव्हता. बाबांच्या हिशेबातही एक जास्त कधी आला नसेल.

त्याच्यामागे दार हळूहळू मिटत होतं, तेव्हा मला आत दिसलं. क्षणभरच. रिकाम्या खुर्च्या, सगळ्या एकाच टेबलाकडे वळलेल्या. त्या टेबलाशी एक बाई पाठमोरी बसली होती. तिचा अंबाडा माझ्यासारखा होता, आणि त्यात मी रोज लावते तसाच काळा काटा. ती एकटीच कपात चमचा फिरवत होती. ती मागे वळायला लागली. पण प्रेमानंदांनी तव्यावर टोकन मारलं, आणि दार लागलं.

पिवळा दिवा विझला.

"पाहिलं?" मी मिस्टरांना विचारलं.

त्यांनी मान खाली घातली. या वेळी ते हसत नव्हते. "मोजणी झाली ना पुरी?" ते म्हणाले.

"झाली."

"मंग बस झालं."

पलीकडे, कालव्याच्या पुलावर, सहा सायकली ओळीने चालल्या होत्या. सगळ्यात पुढे उन्नती होती. कोणीतरी हसलं, कोणीतरी घंटी वाजवली, मग सगळ्यांनीच वाजवल्या. तीन चांदण्यावाली बाई वर दिव्यांच्या उजेडात उभी होती, दोन्ही हात उंच करून. आणि मी मरोद्याच्या स्वयंपाकघरात तशीच उभी राहिले होते. नंतर माझ्या लक्षात आलं की माझेही दोन्ही हात वर होते.

घरी पोचल्यावर उन्नतीने खोलीच्या दारावर टोकन तीनदा वाजवलं. मी इकडून उत्तर दिलं. मगच तिने दार उघडलं.

९

दुसऱ्या दिवशी सकाळी, आमच्याकडे अकरा वाजता, उन्नतीचा फोन आला. ती पुलापाशी उभी होती. तिथे एक जुनी विटांची भिंत होती, दार नव्हतं, आणि भिंतीला टेकून एकही सायकल उभी नव्हती. मी रबर घेतला आणि नकाशावरचे चारही गोल पुसून टाकले.